रिकाम्या चौकटीची करामत

रत्नागिरीचा रत्नदुर्ग किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. या किल्ल्याच्या जवळच, समुद्राच्या वळणावर मिरकरवाडा हे मासेमारीचे बंदर आहे. मोसमात तेथे ट्रॉलर आणि पर्ससीन नौका ओळीने लागलेल्या दिसतात. कोणी बर्फ चढवतो, कोणी डिझेल भरतो, कोणी जाळी दुरुस्त करत बसलेला असतो. एखादी नौका परत आली की बांगडा, तारली, सुरमई, म्हाकूल अशी मासळी उतरवली जाते आणि लिलावाचा गलका सुरू होतो.

त्या मासळीबरोबर आणखी एक गोष्ट किनाऱ्यावर येते. ती म्हणजे माहिती. कोणत्या दिवशी, कोणत्या बंदरात, कोणती मासळी, किती वजनाची उतरली, या नोंदी ठेवाव्या लागतात. त्यांवरून कोणत्या जातीचे मासे कमी होत चालले आहेत, कोणत्या महिन्यात बर्फ अधिक लागेल, रस्त्याने किती गाड्या जातील याचा अंदाज बांधता येतो. पण नोंदवही कितीही काळजीपूर्वक लिहिलेली असली तरी तिची हजार पाने चाळायला कोणाला वेळ आहे? माहिती पाहणाऱ्याला ती एका नजरेत दिसली पाहिजे, आणि त्याला हवी तेवढीच दिसली पाहिजे. या दुसऱ्या अटीतच खरी मेख आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बाणकोट, हर्णे, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, पूर्णगड, जैतापूर अशी लहानमोठी बंदरे आहेत. समजा, आपण दहा बंदरे घेतली. प्रत्येक बंदराचे बारा महिन्यांचे आकडे आहेत आणि सहा प्रकारच्या मासळीचे वेगवेगळे आलेख काढायचे आहेत. किती आलेख होतील? १० गुणिले १२ गुणिले ६, म्हणजे ७२०. हे झाले एका वर्षाचे. दहा वर्षांचे काढायचे तर ७,२०० आलेख! एवढे कागद भिंतीवर लावायला बंदरावर भिंत उरणार नाही, आणि लावलेच तर हवा तो कागद शोधण्यात सकाळ जाईल.

याच ठिकाणी एक आलेख आणि तीन रिकाम्या चौकटी असल्या तर? एका चौकटीत बंदराचे नाव, दुसरीत महिना, तिसरीत मासळीचा प्रकार. चौकटीतले नाव बदलले की आलेख आपोआप बदलतो. ७२० चित्रांचे काम एकच चित्र करते. संगणकावर ही करामत ज्या युक्तीने साधली जाते, तिला टोकन असे नाव आहे. हे टोकन म्हणजे काय ते आज पाहू या.

छापील अर्जापासून सुरुवात

शाळेतून दाखला घेताना तुम्ही छापील नमुना पाहिला असेल. त्यावर “कुमार / कुमारी ______ हा / ही या शाळेत इयत्ता ______ मध्ये शिकत आहे” असे छापलेले असते. कारकून रिकाम्या जागी नाव आणि इयत्ता लिहितो, शिक्का मारतो आणि दाखला तुमच्या हातात ठेवतो. वाक्य एकच, पण दाखले शेकडो. वाक्याचा न बदलणारा भाग छापून ठेवला आणि बदलणाऱ्या भागासाठी जागा मोकळी सोडली, एवढीच त्यातली हुशारी. पण ही हुशारी साधी समजू नका. गणिताला ती साधायला फार काळ लागला.

प्राचीन गणिती उदाहरणे शब्दांत मांडत. अज्ञात राशीला नाव देण्याची पद्धत आपल्याकडे चांगली रुजली होती. भास्कराचार्यांचा जन्म सन १११४ चा. त्यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले आहे. म्हणजे ‘जितके असेल तितके’. किती नेमके नाव! त्यापुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. युरोपात फ्रान्स्वा व्हिएत या गणितज्ञाने १५९१ साली ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी अक्षरे वापरली, आणि १६३७ साली देकार्तने वर्णमालेतली शेवटची अक्षरे अज्ञातांसाठी घेतली. तुमच्या वहीतला ‘क्ष’ त्याच घराण्यातला.

मात्र येथे एक भेद लक्षात घ्या. “क्ष अधिक ५ बरोबर १२” या समीकरणातला क्ष ७ आहे. तो लपलेला आहे, त्याला शोधायचे असते. पण उंचावरून सोडलेला दगड ‘ट’ सेकंदांत किती मीटर खाली येईल याचे सूत्र घ्या. ते अंतर ४.९ गुणिले ट चा वर्ग इतके असते (हवेचा विरोध सोडून). येथे ट शोधायचा नाही. तो तुम्ही ठरवायचा. १ म्हणा, अंतर ४.९ मीटर, २ म्हणा, १९.६ मीटर, ३ म्हणा, ४४.१ मीटर. प्रश्न विचारणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे ट बदलतो आणि उत्तर त्याच्यामागोमाग बदलते. अशा राशीला चल म्हणतात. आपले टोकन या दुसऱ्या प्रकारचे आहे. ते कोडे नाही, ती मोकळी जागा आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला मुले सूत्रात पहिल्यांदा किमती भरतात आणि नंतर सूत्र कशाचे होते ते विचारतात, हा भाग वेगळा.

टोकन हा शब्दही बोलका आहे. पूर्वी बँकेत धनादेश दिला की कारकून पितळेचा एक बिल्ला हातात देत असे. त्यावर ३७ असा आकडा कोरलेला असे. त्या बिल्ल्याची किंमत ती काय? पण रोखपालाने “३७” अशी हाक मारली की त्या बिल्ल्याच्या जागी तुमचे पैसे येत. बिल्ला हा खऱ्या वस्तूच्या ऐवजी धरलेली जागा होता. संगणकातले टोकनही असेच, खऱ्या किमतीसाठी अडवून ठेवलेली जागा.

डॅशबोर्ड म्हणजे काय?

डॅशबोर्ड हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर जी फळी लावत, ती ही. पुढे मोटारगाडी आली, घोडा गेला, फळी मात्र राहिली आणि तिच्यावर वेग, इंधन, तापमान दाखवणारे काटे बसले. आता संगणकाच्या पडद्यावर अनेक आलेख आणि आकडे एकत्र मांडलेल्या पानालाही हेच नाव मिळाले आहे. आपण त्याला माहितीफलक म्हणू.

मोटारीतल्या फलकावरचे काटे आपण नुसते पाहतो. त्यांना प्रश्न विचारता येत नाही. संगणकावरच्या चांगल्या माहितीफलकाला तो विचारता येतो. आता हे आतून कसे घडते ते पाहा.

प्रत्येक आलेखामागे संगणकाला दिलेली एक आज्ञा असते. आपल्या भाषेत ती अशी लिहिता येईल: “नोंदवहीतून अशा नोंदी काढ, ज्यांत बंदर मिरकरवाडा आहे, महिना नोव्हेंबर आहे आणि मासळी बांगडा आहे, त्यांतील वजनांची बेरीज कर.” संगणक इमानदारीने नोंदी काढतो, बेरीज करतो. पण ही आज्ञा एकाच प्रश्नाचे उत्तर देते. आता ती जरा बदलून लिहू: “ज्यांत बंदर $बंदर$ आहे, महिना $महिना$ आहे आणि मासळी $मासळी$ आहे, त्यांतील वजनांची बेरीज कर.”

डॉलरची ही चिन्हे पाहून दचकू नका. येथे पैशाचा संबंध नाही. “या दोन चिन्हांमधला शब्द जसाच्या तसा घेऊ नकोस, त्याच्या जागी सध्या निवडलेली किंमत घाल” एवढाच त्यांचा अर्थ. स्प्लंक नावाच्या प्रणालीत टोकनाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना हे चिन्ह लावतात. ग्राफाना नावाच्या दुसऱ्या प्रणालीत ते नावाच्या आधी एकदाच लावले तरी चालते, आणि तेथे टोकनाला चल असेच म्हणतात. खुणा वेगवेगळ्या, युक्ती एकच.

पडद्याच्या वरच्या भागात बंदरांची यादी असते. तुम्ही तीतून हर्णे निवडले. लगेच $बंदर$ या टोकनाची किंमत ‘हर्णे’ होते. ज्या ज्या आज्ञेत हे टोकन आहे, तिच्यात ती किंमत भरली जाते. पूर्ण झालेली आज्ञा माहितीच्या साठ्याकडे जाते, उत्तर परत येते आणि आलेख नव्याने काढला जातो. हे सगळे पुष्कळदा एखाद-दोन सेकंदांत उरकते, म्हणून आपल्याला चित्र जिवंत वाटते.

यातली गंमतीची गोष्ट अशी की पडद्यावर पाच आलेख असले आणि पाचांच्याही आज्ञांत $बंदर$ असेल, तर एका निवडीने पाचही एकदम बदलतात. आणि एखाद्या आलेखात ते टोकन मुद्दाम घातले नसेल, तर तो जागचा हलत नाही. उदाहरणार्थ, साऱ्या जिल्ह्याची एकूण मासळी दाखवणारा आलेख स्थिर ठेवावा आणि त्याच्या शेजारी निवडलेल्या बंदराचा आलेख बदलता ठेवावा, म्हणजे तुलना सोपी होते. कोणी बदलायचे आणि कोणी नाही, हे फलक मांडणाऱ्याने विचारपूर्वक ठरवायचे असते.

यादीतून निवडणे हा टोकन भरण्याचा एकच मार्ग नव्हे. आलेखातल्या नोव्हेंबरच्या स्तंभावर बोट टेकवले की $महिना$ या टोकनात ‘नोव्हेंबर’ जाते आणि खाली त्या महिन्याचा रोजचा तपशील उघडतो, अशीही सोय करता येते. मग आलेख हेच उत्तर आणि आलेख हाच पुढचा प्रश्न.

टोकनाने फक्त नोंदी निवडता येतात असेही नाही. आपले दर्यावर्दी पाण्याची खोली वावांत मोजत आले आहेत. दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी होते ती एक वाव, म्हणजे ६ फूट किंवा सुमारे १.८३ मीटर. नकाशावर मात्र खोली मीटरमध्ये असते. फलकावर ‘मीटर’ किंवा ‘वाव’ अशी निवड ठेवली आणि त्याप्रमाणे टोकनात १ किंवा १.८३ हा भाजक भरला, तर ५५ मीटरची खोली वाव निवडताच ३० अशी दिसेल. ज्याला जे माप अंगवळणी पडले आहे त्याने ते घ्यावे.

उपग्रह, समुद्राचा रंग आणि चार आकडे

आता मासळी उतरल्यानंतरच्या माहितीकडून मासळी मिळण्यापूर्वीच्या माहितीकडे वळू. हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. सारे जण त्याला इन्कॉईस म्हणतात. १९९९ साली ते स्थापन झाले. मासे कोठे सापडण्याचा संभव अधिक आहे, याची सूचना हे केंद्र देशाच्या सगळ्या किनाऱ्यांसाठी देते.

उपग्रहाला मासे दिसत नाहीत. मग त्याला हे कळते कसे? समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांच्यात हरितद्रव्य असते. त्या दाट झाल्या की पाण्याचा रंग किंचित बदलतो, आणि हा बदल उपग्रहावरील संवेदक टिपतात. भारताचा ओशनसॅट-२ हा उपग्रह २००९ साली आणि त्याच मालिकेतला ओशनसॅट-३ हा नोव्हेंबर २०२२ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. समुद्राचा रंग पाहणे हे त्यांचे एक मुख्य काम. याशिवाय पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमानही उपग्रहांवरून मोजता येते. थंड आणि उबदार पाणी जेथे एकमेकांना भिडते, तेथे पोषक द्रव्ये वर येऊन अन्न साठण्याचा संभव असतो. सूक्ष्म वनस्पतींवर सूक्ष्म प्राणी, त्यांवर लहान मासे, लहान माशांवर मोठे मासे अशी साखळी जुळते. तापमानाच्या आणि हरितद्रव्याच्या नकाशांत अशा जागा शोधून सूचना तयार होते. आकाश ढगांनी झाकले असेल तर उपग्रहाला पाणी नीट दिसत नाही. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ही सूचना देण्याचे कारणच उरत नाही.

सूचनेचा नमुना मोठा सुटसुटीत असतो. अमुक किनाऱ्यापासून, अमुक दिशेला, इतक्या अंशांवर, इतके किलोमीटर अंतरावर, इतक्या मीटर खोलीच्या पाण्यात, आणि शेवटी त्या जागेचे अक्षांश-रेखांश. म्हणजे पुन्हा छापील वाक्य आणि रिकाम्या जागा! देशाच्या किनाऱ्यावरील ५००हून अधिक मासेमारी केंद्रांसाठी आणि अनेक भारतीय भाषांत ही माहिती पुरवायची, तर प्रत्येक वाक्य हाताने रचत बसणे शक्यच नाही. वाक्याचा साचा प्रत्येक भाषेत एकदा तयार केला की आकडे भरत जायचे. मराठी साचा असेल तर वाक्य मराठीत, कन्नड असेल तर कन्नडात. आकड्यांना भाषा नसते.

आता एक उदाहरण स्वतः सोडवू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, ती खरी सूचना नव्हे. समजा, माशांचा संभाव्य बिंदू उत्तर अक्षांश १७ अंश ० कला आणि पूर्व रेखांश ७२ अंश ४५ कला येथे आहे. मिरकरवाडा सुमारे उत्तर अक्षांश १७ अंश ० कला आणि पूर्व रेखांश ७३ अंश १७ कला येथे आहे. अक्षांश सारखेच, म्हणून बिंदू सरळ पश्चिमेला, २७० अंशांवर. रेखांशांतला फरक ३२ कलांचा. ६० कलांचा एक अंश, आणि विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो. पण उत्तरेकडे जाऊ लागलो की रेखांशाच्या रेषा जवळजवळ येतात. १७ अंश अक्षांशावर हा अंश १११ गुणिले कोज्या १७, म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर भरतो. ३२ भागिले ६०, गुणिले १०६, म्हणजे जवळजवळ ५७ किलोमीटर.

आता यादीतून मिरकरवाड्याऐवजी हर्णे निवडा. हर्णे सुमारे १७ अंश ४९ कला उत्तर आणि ७३ अंश ६ कला पूर्व येथे आहे. माशांचा बिंदू हललेला नाही. तो आहे तेथेच आहे. पण आता तो ४९ कला दक्षिणेला आणि २१ कला पश्चिमेला पडतो. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर धरला तर दक्षिणेकडे सुमारे ९१ आणि पश्चिमेकडे सुमारे ३७ किलोमीटर. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढा: ९१ चा वर्ग ८,२८१, ३७ चा वर्ग १,३६९, बेरीज ९,६५०, वर्गमूळ सुमारे ९८. दिशा कोनमापकाने काढलीत तर उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे २०२ अंश येईल.

एका टोकनाची किंमत बदलली आणि २७० अंश, ५७ किलोमीटर यांच्या जागी २०२ अंश, ९८ किलोमीटर आले. अक्षांश-रेखांश मात्र दोन्ही वेळा तेच राहिले. कोणती राशी टोकनावर अवलंबून आहे आणि कोणती नाही, हे या उदाहरणात स्पष्ट दिसते.

शीर्षक बदलायला विसरले तर

आता या उदाहरणात एक चूक मुद्दाम करून पाहू. समजा, कोणी फलक तयार करताना आकड्यांच्या आज्ञेत टोकन घातले, पण वरच्या शीर्षकात मात्र ‘मिरकरवाड्यापासूनचे अंतर व दिशा’ असे कायमचे लिहून टाकले. पहिल्या दिवशी फलकावर मिरकरवाडाच निवडलेले होते, म्हणून सारे बरोबर दिसले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी हर्णे निवडले आणि तसेच सोडून गेले. खाली आकडे बदलले, वर शीर्षक जुनेच.

मिरकरवाड्याच्या एखाद्या तांडेलाने शीर्षक वाचले, २०२ अंश आणि ९८ किलोमीटर हे आकडे टिपून घेतले आणि नौका हाकारली. तो कोठे पोचेल? मिरकरवाड्यापासून ४९ कला दक्षिणेला आणि २१ कला पश्चिमेला, म्हणजे सुमारे १६ अंश ११ कला उत्तर, ७२ अंश ५६ कला पूर्व येथे. नकाशा काढून पाहा. ही जागा देवगड आणि मालवण यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यासमोर, भर समुद्रात येते. मासे राहिले ९० किलोमीटरांहून अधिक दूर उत्तरेला! डिझेल जळाले, बर्फ वितळला, खलाशांचा दिवस वाया गेला. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मोबाईलचा संदेशही सहसा मिळत नाही, तेव्हा विचारायचे कोणाला? सावध तांडेल जवळच्या यंत्रावर अक्षांश-रेखांशही ताडून पाहील आणि वाचेल. पण फलकाने त्याला फसवले हे खरेच.

या चुकीत संगणकाने एकही आकडा खोटा सांगितलेला नाही. म्हणून ती पकडायला कठीण. उपाय अगदी सोपा आहे. शीर्षकातही तेच टोकन घालायचे: ‘$बंदर$ येथून अंतर व दिशा’. मग निवड आणि शीर्षक यांची फारकत होऊ शकत नाही. माझ्या मते टोकनाचा हाच सर्वांत मोलाचा उपयोग आहे. रंगीत आलेख हलताना पाहून आपण खूश होतो, पण आकडा कोणाचा आहे हे आकड्याच्या शेजारीच लिहिलेले असणे त्याहून महत्त्वाचे. सूचना कोणत्या दिवसाची, हेही असेच टोकनाने लिहून घ्यावे. समुद्रातले पाणी थांबून राहत नाही, कालची सूचना आज शिळी.

रिकामे, शून्य आणि सर्व

चौकट रिकामीच राहिली तर संगणकाने काय करावे? आज्ञा अपुरी आहे, म्हणून तो पुष्कळदा “निवडीची वाट पाहत आहे” असे सांगून स्वस्थ बसतो. हे बरोबरच आहे. पण समोर कोरा पडदा पाहून नवखा माणूस गोंधळतो, म्हणून प्रत्येक टोकनाला एक आरंभीची किंमत देऊन ठेवतात. मिरकरवाड्याच्या फलकावर ती ‘मिरकरवाडा’ असावी, हे सांगायला नकोच.

कधी एक टोकन दुसऱ्यावर अवलंबून असते. आधी जिल्हा निवडायचा, मग त्या जिल्ह्यातल्याच बंदरांची यादी पुढे येते. आता रत्नागिरी आणि मिरकरवाडा निवडलेले असताना तुम्ही जिल्हा बदलून सिंधुदुर्ग केला, पण बंदराचे टोकन जुनेच राहिले, तर आज्ञा होते: “सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मिरकरवाडा बंदराच्या नोंदी काढ.” असे बंदर नाही, म्हणून नोंदही नाही. फलकावर शून्य दिसते. पाहणारा म्हणतो, “अरेरे, यंदा मासळीच आली नाही!” वास्तविक प्रश्नच चुकलेला असतो. ‘शून्य किलो मासळी आली’ आणि ‘नोंद सापडली नाही’ ही दोन निराळी वाक्ये आहेत आणि फलकाने ती निराळी दाखवली पाहिजेत.

‘सर्व’ ही निवड तर फारच सांभाळून वापरावी. समजा, एखाद्या बंदरात दहा महिन्यांत मिळून ६०० टन मासळी उतरली आणि जून-जुलैमध्ये बंदी होती (हाही आकडा कल्पित). महिन्याच्या टोकनात ‘सर्व’ निवडून सरासरी काढली तर ६०० भागिले १२, म्हणजे ५० टन. फक्त मासेमारीचे महिने निवडले तर ६०० भागिले १०, म्हणजे ६० टन. दोन्ही भागाकार बरोबर. वर्षभराच्या खर्चाचा मेळ घालणाऱ्याला पहिली सरासरी उपयोगी, बर्फाचा कारखाना किती मोठा हवा हे ठरवणाऱ्याला दुसरी.

आणखी एक धोका वेगळ्याच जातीचा आहे. एका सभागृहाच्या दारावर पहारेकरी आहे. त्याला चिठ्ठी दिलेली आहे: “______ यांना आत सोडावे.” रिकाम्या जागी एक नाव लिहायचे असा संकेत आहे. पण एका खट्याळ मुलाने तेथे लिहिले, “गणपत आणि त्याचे सगळे मित्र”. वाक्य व्याकरणाने शुद्ध झाले, पहारेकऱ्याने सगळ्यांना आत सोडले! त्या मुलाने नावाच्या जागी आज्ञेचाच तुकडा भरला. संगणकाच्या बाबतीत ही थट्टा राहत नाही. टोकनात काहीही टाइप करू दिले आणि ते न तपासता आज्ञेत मिसळले, तर बाहेरचा माणूस गुप्त नोंदी वाचू शकतो, पुसूनही टाकू शकतो. म्हणून भरलेल्या मजकुराकडे फक्त एक किंमत म्हणून पाहायचे, आज्ञेचा भाग होऊ द्यायचे नाही, अशी व्यवस्था करावी लागते. शक्य तेथे टाइप करण्याऐवजी ठरलेल्या यादीतून निवड करू द्यावी, हे त्याहून बरे. त्याने दुसराही लाभ होतो. कोणी हर्णे लिहितो, कोणी हर्णै. कोणी मिरकरवाडा एका शब्दात लिहितो, कोणी दोन शब्दांत. माणसाला ते एकच वाटतात, संगणकाला वेगळे. यादी असली की हा घोळ होत नाही.

पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड

संगणक नसला तरी हा प्रयोग घरी करता येईल. वहीच्या आकाराचा एक पुठ्ठा घ्या. त्यावर एकाखाली एक, एकेक सेंटिमीटर उंचीच्या चार खिडक्या कापा. खिडक्यांच्या डाव्या बाजूला अनुक्रमे बंदर, दिशा, अंतर आणि बिंदूचे अक्षांश-रेखांश असे लिहा. पुठ्ठ्याच्या मागे वर आणि खाली कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या आडव्या चिकटवा, म्हणजे त्यांच्यामधून एक लांब कागदी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवता येईल. या सरकत्या पट्टीवर उभे रकाने आखा आणि प्रत्येक रकान्यात एका बंदराचे आकडे खिडक्यांच्या समोर येतील असे लिहा. पट्टी सरकवली की पहिल्या तीन खिडक्यांतली माहिती एकदम बदलेल. चौथ्या खिडकीतला मजकूर सगळ्या रकान्यांत सारखाच येईल, तेव्हा तो पट्टीवर न लिहिता पुठ्ठ्यावरच लिहिला तरी चालेल. असे का, ते तुम्ही वर पाहिलेच आहे. पट्टीची जागा हे तुमचे टोकन.

नंतर बंदराची खिडकी बुजवून तेथे ‘मिरकरवाडा’ असे कायमचे लिहा आणि पट्टी हर्णेवर सरकवा. मित्राला आकडे वाचायला सांगा आणि नकाशावर त्याची नौका कोठे जाते ते दाखवा.

मिरकरवाडा आणि हर्णे हे दोन रकाने आपण वर सोडवलेच आहेत. आणखी दोन तुम्ही भरा. जयगड सुमारे १७ अंश १८ कला उत्तर, ७३ अंश १३ कला पूर्व येथे आहे आणि पूर्णगड सुमारे १६ अंश ४८ कला उत्तर, ७३ अंश १९ कला पूर्व येथे. बिंदू तोच घ्या. जयगडचे उत्तर सुमारे ६० किलोमीटर आणि २३६ अंश यायला हवे. पूर्णगडचे अंतर सुमारे ६४ किलोमीटर येईल. त्याची दिशा काढताना मात्र सांभाळा. पूर्णगड बिंदूच्या दक्षिणेला आहे, तेव्हा तेथून निघालेल्या नौकेला पश्चिमेकडून थोडे उत्तरेकडे कलावे लागेल आणि उत्तर २७० अंशांहून अधिक, म्हणजे सुमारे २९० येईल.